भिंतीकडे तोंड

“भिंतीकडे तोंड करून बसवलंत मला! माझ्याच वर्गात! पोरांसमोर, बायकांसमोर, त्या म्हाताऱ्या गवंड्यासमोर! शिक्षा झालेल्या मुलासारखं!”

“शिक्षा तुला नव्हती.”

“मग कुणाला होती?”

“कुणालाच नव्हती. आवाज खाली घे आणि बस इथं.”

“बसणार नाही. दिवसभर बसलेच होते ना तुम्ही सांगितलंत तशी!”

एका गावाबाहेरच्या शाळेच्या पायरीवर, दिवस मावळल्यावर, एकदा हे भांडण चाललं होतं. भांडणाऱ्या दोघी त्याच शाळेच्या शिक्षिका. थोरल्या बाईंनी ती शाळा उभी केली, चाळीस वर्षं चालवली, आणि वयाची ऐंशी उलटल्यावर धाकट्या बाईंच्या स्वाधीन केली. धाकट्या बाई म्हणजे त्यांच्याच हाताखाली शिकून मोठी झालेली शिष्या. सकाळी लहान मुलं येत, दुपारी गावातल्या लेकीसुना, आणि काम आटोपून संध्याकाळी वडीलधारी माणसं. विषय अनेक होते, हेतू एकच होता. अडलेल्या माणसाला आपली वाट आपण काढता यावी.

धाकट्या बाईंचा वर्ग म्हणजे नुसता आनंद असे. प्रश्न टाकला की उत्तर हजर. लोक कौतुकानं बघायला येत. थोरल्या बाईही आठ दिवस मागच्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी सकाळी उठल्या, शिष्येचं स्टूल ओढून भिंतीपाशी नेलं आणि म्हणाल्या, “प्रश्न सांग, आणि मग इकडं तोंड करून बस. वळायचं नाही, बोलायचं नाही.” गुरूची आज्ञा म्हणून ती बसली. सकाळी बसली, दुपारी बसली, संध्याकाळीही बसली. शेवटचा वर्ग सुटला आणि दिवसभर कोंडलेला संताप बाहेर पडला.

“काय मिळवलंत? माझी हुशार मुलं मुकी करून दाखवलीत. मी जाते. सांभाळा तुमची शाळा.”

पिशवी तिनं खांद्याला अडकवलीही होती. ती गेली तर शाळेला कुलूप लागणार, हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. पण मानी माणसांच्या भांडणात असल्या गोष्टींना कोण विचारतं!

थोरल्या बाई म्हणाल्या, “जाशील. पण तुझी त्यांच्याकडं पाठ होती, मला डोळे होते. मी काय पाहिलं ते ऐकून जा. सकाळी तू बारा काठ्यांचा प्रश्न घातलास. शेळ्यांना जास्तीत जास्त जागा मिळेल असा चौकोनी वाडा करा. मंजुळीनं पाटीवर काय लिहिलं, माहीत आहे?”

“दहा. ऐकलं मी. चूक.”

“आधी नऊ लिहिलं होतं तिनं. एका बाजूला तीन काठ्या, काठीच्या मापाच्या नऊ चौकोनी घरांची जागा. अगदी बरोबर. मग मान वर करून तुझ्याकडं पाहिलं. तोंड दिसेना. म्हणाली, बाई, बरोबर का? तू गप्प. तिनं नऊ पुसलं, आठ केलं. पुन्हा वर पाहिलं. आठ पुसलं, दहा केलं. काठ्या समोर पडल्या होत्या गं, मांडून बघायच्या! एकदा हात लावला नाही.”

धाकट्या बाईंचा हात पिशवीच्या बंदावर थांबला.

“दुपारी झबल्याचं कापड बेतायचं होतं. इतक्या शिकलेल्या सुना, पण हातात कात्री धरून अर्धा तास नुसत्या बसल्या. आणि संध्याकाळी तुझा सोपान गवंडी! चाळीस वर्षं भिंती बांधतोय. अंगणाचं पाणी कुठून काढायचं एवढंच विचारलं होतंस. तर उठला, खोकल्याचं निमित्त केलं, भिंतीपाशी आला आणि वाकून तुझं तोंड बघून गेला.”

“पाहिलं मी त्यांना,” धाकट्या बाई नाइलाजानं म्हणाल्या. एरवी दोघी हसल्या असत्या.

“उत्तर चुकत असलं की तुझी भुवई वर जाते. बरोबर येत असलं की ओठ हलतात. तुला ठाऊकही नाही, पण त्यांना ठाऊक आहे. तू पोरांना गणित शिकवलंस, बायकांना शिवण, म्हाताऱ्यांना बांधकाम. सहा वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंत सगळी मिळून एकच विषय शिकली. तुझं तोंड.”

“मग काय करू? दगडासारखी बसू? तुमच्यासारखी? तुमच्या वर्गात मी किती रडलेय, कधी दिसलं तुम्हाला? उत्तर द्यायला उठायची भीती वाटायची मला. तुमच्या चेहऱ्यावर कधी काही उमटलंच नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्यासमोर कुणी घाबरून उभं राहणार नाही.”

चूक कबूल करायची थोरल्या बाईंना सवय नव्हती. तरी म्हणाल्या, “ते माझं चुकलं. सांगायचं नव्हतं, एवढं मला कळत होतं. धीर द्यायचा होता, ते कळलं नाही. तो तू देतेस. तेवढ्यात तू माझ्यापुढं गेलीस. हस त्यांच्याशी, पाठीवर हात ठेव. पण मंजुळी विचारील, बरोबर का, तेव्हा तिला म्हण, काठ्यांना विचार. सुनांना म्हण, कापडाला विचारा, आधी कागदावर बेतून बघा. गवंड्याला म्हण, तांब्याभर पाणी ओत आणि कुठं जातं ते बघ. आपलं चुकलं हे आपलं आपल्याला कसं कळेल, एवढं ज्याला उमगलं त्याला कुठलाही विषय द्या. बाकीचं तो शिकेल.”

बोलणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. धाकट्या बाईंनी शेवटचं, सगळ्यांत मोठं शस्त्र काढलं.

“लोकांचा विश्वास आहे माझ्यावर, त्याला काहीच किंमत नाही? वैशाखात तुम्ही गावाला गेला होतात. वरच्या वाडीची धुरपदा आठवते? तिच्या तान्ह्याला जुलाब लागले. भर उन्हात लेकरू कडेवर घेऊन ती धावत आली, ती इथं! माझ्याकडं! दुसऱ्या कुणाकडं गेली नाही. मीठ-साखरेचं पाणी वर्गात तिच्याइतकं चोख कुणी सांगत नव्हतं. डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको, हेसुद्धा पाठ होतं. फक्त आपलं माप बाटलीचं, आणि तिच्या घरी बाटली नव्हती, तांब्या होता. म्हणून विचारायला आली. मी लगेच पाणी करून पाजलं, तालुक्याला डॉक्टरकडं पाठवलं. वाचलं लेकरू! माझ्यामुळं वाचलं!”

“किती लांब आहे वरची वाडी?”

“दोन कोस.”

“आलं तेव्हा कसं होतं लेकरू?”

“मान टाकली होती,” ती म्हणाली. “ओठ सुकले होते. रडायलाही...” आणि बोलता बोलता तिचा आवाज आपोआप खाली आला.

धाकट्या बाई त्या दिवशी गेल्या नाहीत, पुढंही कधी गेल्या नाहीत. शिकवणाऱ्यानं आपल्या कर्तृत्वाचा हिशेब कुठून मांडायचा, हे त्यांना त्या पायरीवर उभ्या उभ्या समजलं. थोरल्या बाईंनी तेव्हा शिष्येकडं पाहिलंही नाही. दिवसभरात पहिल्यांदाच हळू आवाजात त्या एवढंच म्हणाल्या,

“पाणी, मीठ आणि साखर तिच्याच घरात होती, पोरी, आणि ते लेकरू दोन कोस तहानलेलं आलं.”