अग्निकुंभ कोणासाठी?

चंपकनगरात उग्रतेज नावाचा राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच्या शस्त्रागाराचा अधिकारी म्हणून जन्म घेतला होता. तेव्हा त्याचे नाव सोमिल. त्या राज्यात एक जुना रिवाज होता. शस्त्र बाहेर न्यायचे, तर ते कोणावर चालवायचे हे अधिकाऱ्यासमोर नाव घेऊन सांगायचे. सैनिक म्हणत, "समोर शस्त्र घेऊन उभा राहील त्याच्यावर," आणि तेवढे चाले. राजालाही यातून सुटका नव्हती. राज्याभिषेकाच्या वेळी त्याने तशी शपथच घेतली होती.

शस्त्रागाराच्या तळघरात एक अग्निकुंभ होता. तसलाच दुसरा राजाच्या आजोबांनी ओसाड माळावर फोडून पाहिला होता. त्या माळावर अजून गवत उगवत नव्हते.

शेजारच्या वेत्रनगराशी चाललेल्या युद्धाला तिसरे वर्ष लागले. उग्रतेज काही दुष्ट नव्हता, थकला होता. मेलेल्या सैनिकांच्या आया रोज दारात येत, ते त्याला सोसेना. एका सकाळी तो स्वतःच शस्त्रागारात गेला आणि त्याने कुंभ मागितला. युद्ध एका दिवसात संपेल, माझी हजारो माणसे वाचतील, असे त्याचे म्हणणे.

सोमिल म्हणाला, "महाराज, तुमचं दुःख खरं आहे. नाव सांगा."

राजाने वेत्रनगरच्या राजाचे नाव घेतले. त्याला एक बाण पुरे, सोमिल म्हणाला. कुंभ साऱ्या नगरावर पडणार, तेव्हा साऱ्या नगराची नावे हवीत. राजाचा हात तलवारीकडे गेला.

"खुशाल चालवा," सोमिल म्हणाला. "माझं नाव तर तुम्हाला पाठच आहे."

राजाला रागातही हसू आले. पण तो हट्टाला पेटला होता. त्याने ढुंढक नावाच्या हेराला नावे गोळा करायला धाडले.

दोन महिन्यांनी ढुंढक परतला तो चांगला गुटगुटीत होऊन. वेत्रनगरात त्याला कुणी जेवल्याशिवाय उठू देत नसे. राजा ताडपत्रे घेऊन सोमिलासमोर मोठ्याने वाचू लागला. रेवती सुईण. एका डोळ्याचा नंदिल कुंभार. गोमती, शेजारणीशी रोज भांडते आणि तिच्याच पोराला न्हाऊ घालते. पहिल्या दिवशी त्याने भराभर वाचले. तिसऱ्या दिवशी थांबून त्याने ढुंढकाला विचारले, गोमतीचे भांडण मिटले का. चौथ्या दिवशी तो एकेक नाव हळू, दोनदा वाचू लागला.

शेवटच्या पानावर लोहाराचे बाळ होते, ढुंढक निघाला त्या सकाळी जन्मलेले. नावाची जागा कोरी होती. ढुंढकाने सांगितले, बारसे परवा आहे.

"मग थांबू," राजा म्हणाला.

"थांबा, महाराज," सोमिल म्हणाला. "पण तोवर आणखी कुणी जन्मेल. आणि त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या काही उगवायचं नाही. त्या पिढ्यांची नावं कुणाला विचारायची?"

राजाने ताडपत्र खाली ठेवले. मग त्याने विचारले, कुंभ विझवता येतो का. येतो की, सोमिल म्हणाला. इतकी वर्षे कुणी विचारलेच नाही.

त्याच दुपारी कुंभ विझला. बाळासाठी कुंची आणि तहाचे पत्र घेऊन ढुंढक पुन्हा निघाला. बाळाचे बारसे त्याला हुकले, जेवण हुकले नाही. पावसाळ्याआधी तह झाला आणि दोन्हीकडचे सैनिक घरी गेले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, सभेला म्हणाले, "तेव्हाचा ढुंढक म्हणजे भिक्षेला सर्वांत पुढे असणारा आपला भिक्खू पिंडिल. उग्रतेज म्हणजे काल भावाशी वैर मिटवून आलेला उपासक धनंजित. सोमिल मीच होतो. ज्याचं नावही ठाऊक नाही त्याचं भलं इच्छिणं, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

लोहाराचे बाळ कोण, असे मागून कुणीतरी विचारले. शास्त्यांनी साऱ्या सभेवरून नजर फिरवली.

"ते तुम्ही सगळे," ते म्हणाले.