एका दमाची ओवी

“मग त्याचं नाव का नाही इथं?” सटवानं विचारलं.

मठाच्या म्हाताऱ्या गुरूंनी, उद्धवबुवांनी, दगडांकडे हात केला. मठाच्या मागच्या अंगाला, निंबाखाली, मातीचे उंचवटे होते. प्रत्येकाच्या डोक्याशी एक दगड. दगडावर काही नाही. शेवटच्या उंचवट्याची माती अजून बसली नव्हती.

“कुणाचंच नाही,” बुवा म्हणाले.

“कुणाचं मला काय करायचंय. माझ्या भावाचं का नाही?”

सटवा लोहाराचा पोरगा. दाढी नुकती कुठं फुटलेली, हात मात्र बापाएवढे झालेले. थोरला भाऊ मुंजा मठात गेला, तेव्हा घरचं काम याच्या अंगावर पडलं आणि याची शाळा सुटली ती सुटलीच. आता तो भाऊही गेला होता. थंडीत दमा उसळला, आणि मठाचा निरोप घरी पोचेपर्यंत इथं माती लोटून झाली होती.

तोंड बघायला मिळालं नाही.

“इथं सारंगधर निजलाय,” बुवा म्हणाले. “दीक्षेच्या दिवशी आम्ही त्याला ते नाव दिलं. आता तेही दगडावर कोरत नाही. रीत आहे.”

“सारंगधर कोण, मला ठाऊक नाही. आमचा मुंजा होता. मुंजोबाला नवस बोलून झालेला.”

सटवानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिच्यातून एक लोखंडी पट्टी काढली, खाली टोक घडवलेली. पट्टीवर छिन्नीनं नाव कोरलं होतं. अक्षरं त्याची नव्हती. गावातल्या गुरुजींकडून खडूनं लिहून घेतली होती, आणि खडूच्या रेघेवरून यानं छिन्नी चालवली होती. तरी ‘जा’चा काना वाकला होता.

पट्टीमागून हातोडा निघाला.

“मला वाटलं, नारळ आणला असशील,” बुवा म्हणाले.

“नारळ सारंगधराला. मुंजाला हे.”

बुवांना हसू आलं. मग ते पट्टीवरच्या अक्षरांकडे बघत राहिले, आणि हसू गेलं.

“आईनं सांगून पाठवलंय,” सटवा म्हणाला. “जिता होता तवर तुमचा होता, म्हणली. आता तरी त्याला त्याच्या नावानं निजू द्या. मठानं समदं नेलं त्याचं.”

“काय नेलं?”

“बोलणं नेलं.”

सटवानं हातोडा मातीवर टेकवला.

“एकदाच आला घरी. उंबऱ्याच्या बाहेर बसला. आईला म्हणतो, ‘मातोश्री, आपली प्रकृती कशी आहे?’ आई आत आली नि मला विचारते, सटवा, ह्यो कुणाच्या तोंडानं बोलायलाय रे? पोथी बोलत होती बुवा, त्याच्या तोंडातून. आमचा मुंजा शिव्या द्यायचा. अशा लाडाच्या शिव्या, की ऐकत बसावं.”

“इथंही द्यायचा,” बुवा म्हणाले. “मांजराला.”

सटवाला हसू फुटलं. लगेच त्या हसण्याचाच राग आला. त्यानं पट्टीचं टोक मातीत रोवलं, डाव्या हातानं पट्टी धरली आणि हातोडा उचलला.

बुवांनी हात धरला नाही. मागेही सरले नाहीत.

“रीत मोडली म्हणून शाप द्याल?”

“शाप मला येत नाही. आम्ही फक्त ओव्या म्हणतो.”

आणि तेवढ्यात मंडपातून ओव्या सुरू झाल्या. दुपारच्या पाठाची वेळ झाली होती.

या मठात पोथी होती, पण ती डोळ्यांनी शिकायची नाही असा नेम होता. शिकवणाऱ्याच्या तोंडून निघायची, शिकणाऱ्याच्या कानात जायची. आणि ओवी म्हणायची ती एका दमात. मध्ये श्वास घेतला, की शिकवणारा एकच शब्द म्हणायचा, ‘पहिल्यापासून’. मुंजानं हे घरी सांगितलं होतं, तेव्हा सटवा म्हणाला होता, दमेकऱ्याला मठ तरी बरा गावला.

मंडपात दहापाच गळे एकत्र लागले.

*अंगीं होतें तें तें फेडिलें ।*
*घरचें नांव उंबऱ्यात ठेविलें ।*
*मागें वळोनि…*

गळे थांबले. सगळे एकदम. श्वास आत ओढल्याचा बारीक आवाज इथवर आला.

*…नाहीं पाहिलें ।*
*तोचि आला ॥*

सटवाचा हातोडा पडला होता. त्या थांब्यातच पडला होता. पट्टीवर नाही, शेजारी, मातीत.

तो हातोड्याकडे बघत राहिला. आपण मारला असं त्याला वाटत नव्हतं.

घरी भट्टीपाशी मुंजा भाता ओढायचा आणि सटवा घण मारायचा. बाप सांडशीत लोखंड धरायचा. एक लोखंड विस्तवात, एक ऐरणीवर. मुंजाचा दम पुरायचा नाही. भात्याच्या दोन लांब ओढी घेतल्या, की तो अडायचा, छाती धरायचा, मग पुढची ओढ. बाप ओरडायचा, ओढ की रे. पण सटवाच्या हाताला त्या अडण्याची सवय लागली होती. भाता अडला, की घण पडायचा. तेव्हा तो नीट पडायचा. मुंजा गेल्यावर भात्यावर आई बसली. आई सरळ ओढत राहते, कुठं अडत नाही, आणि सटवाचा घाव चुकतो.

मंडपात पुढची ओवी सुरू झाली. तिसऱ्या चरणात गळे पुन्हा थांबले. पुन्हा तो बारीक आवाज.

सटवाचा हात पुन्हा वर गेला होता. त्यानं तो दुसऱ्या हातानं खाली आणला.

“कोण म्हणतंय हे?”

“शिष्य.”

“कुणी शिकवलं त्यांना?”

“त्यानंच.”

“… चुकायलेत ते.”

“हो,” बुवा म्हणाले. “ओवी एका दमाची आहे.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

बुवा निंबाच्या बुंध्याशी बसले.

“सांगायला गेलो होतो. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, आता ऐका, अशी म्हणायची…”

“मग?”

“माझ्याही तोंडून तशीच आली.”

सटवा मातीत बसला. मंडपातले गळे चालत होते, थांबत होते, चालत होते.

“आता काय करणार?” शेवटी त्यानं विचारलं. आवाज बदलला होता. मघाशी तो मागायला आला होता. आता काही हातातून जाईल, अशा भीतीनं विचारत होता. “दुसरा कुणी शिकवायला येईल. तो बरोबर शिकवील. मग?”

“पोथी चुकीची चालू द्यायची नसते, सटवा.”

“म्हंजे त्याचं तेवढंबी पुसणार.”

“मी म्हातारा झालो. माझ्या कानाला आता तीच बरोबर वाटते.” बुवा उठले. “चूक तुला ऐकू आली. तू सांग त्यांना.”

“म्या?”

“चल.”

“मला वाचायलासुद्धा धड येत नाही, बुवा.”

“वाच म्हणालो का मी?”

सटवानं मातीतून पट्टी उपसली. ती तशीच हातात धरून तो बुवांच्या मागे मंडपात गेला.

शिष्य बसले होते. काही कोवळे, काही दाढीवाले. बुवांना बघून ते थांबले. बुवा खांबाला टेकून बसले.

“हा तुमच्या पाठातली चूक सांगायला आलाय,” ते म्हणाले.

सगळे सटवाकडे बघू लागले. त्यांच्यात जो वयानं मोठा होता, त्यानं हात जोडले.

“आपण आमच्या सारंगधरबुवांचे बंधू ना?”

सटवाच्या तोंडाशी दुसरं नाव आलं होतं. त्यानं पट्टी पालथी करून मांडीवर ठेवली.

“व्हय,” तो म्हणाला.

“मग सांगा. काय चुकतंय आमचं?”

सटवानं तोंड उघडलं. मिटलं. समोरच्या छात्या हळूहळू वरखाली होत होत्या.

“एकदा म्हणा,” तो म्हणाला. “मग सांगतो.”

त्यांनी म्हटली. घरचं नाव उंबऱ्यात राहिलं. मागं वळून… आणि थांबा आला. सटवाचा हात मांडीवरून उठला, वर गेला, आणि पट्टीवर अलगद टेकला.

ओवी संपली. सगळे वाट बघत होते.

“सांगा ना,” मोठा शिष्य म्हणाला.

सटवानं मान हलवली. त्यानं बुवांकडे पाहिलं.

बुवांनी डोळे मिटले होते.

“पहिल्यापासून,” ते म्हणाले.