आधी भिंतीचा तांब्या

समोरच्या तीन मजली इमारतीला कालच गिलावा झालाय, पाणी मारायला पंपही जोडलाय. तरी घरची म्हातारी तांब्या घेऊन खाली उतरतेय बघा. भिंतीला घातल्याशिवाय ती स्वतः घोटभर घ्यायची नाही. हसू नका पाहुणे, आमच्या कातळवाडीत ही रीत या दगडी टाक्याएवढी जुनी आहे.

तेव्हा गावाला एकच झरा होता, असं सांगतात. पावसाचं पाणी साठवायला गावानं हे टाकं बांधलं. सिदू गवंड्यानं आतून चुन्याचा गिलावा केला, आणि तो ओला ठेवायचं काम त्याच्या बायकोकडे, हरणाकडे आलं. नव्या गिलाव्याला तान्ह्या पोरासारखं जपावं लागतं. सुकला की तडकलाच. नेमका तेव्हाच झरा आटत चालला. पाटलानं माणशी तांब्याभर पाणी ठरवलं आणि भिंतीचं पाणी तोडलं.

"माणसं तहानेनं मरतायत आणि तुम्ही भिंतीला पाजताय?" तो म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं म्हणा.

पण टाकं तडकलं तर पुढच्या उन्हाळ्यात गाव उठणार, हे हरणाला दिसत होतं. ती आपल्या वाट्याचं पाणी भिंतीवर शिंपडू लागली. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली. भिंत केवढी आणि तांब्या केवढा! एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ उमटली. तिच्यावरून बोट फिरवता फिरवता हरणा भोवळ येऊन पडली म्हणे.

पाटलाची आई कोंडाई तिथे आली. तिनं आपला तांब्या हरणाच्या तोंडाला लावला, तर हरणानं मान फिरवून भिंतीकडे बोट केलं. म्हातारीनं निम्मं पाणी तिला बळेच पाजलं, उरलेलं त्या रेघेवर ओतलं.

पाटील धावत आला. "आई, आता तू काय पिणार?"

"तू तहानलेला असताना मी कधी आधी प्याले होते का रे? ही भिंत तुझ्या नातवंडांना पाजणार आहे."

पाटील भिंतीपासून बाजूला झाला. त्या दिवसापासून घरोघरच्या म्हाताऱ्या आपापला तांब्या घेऊन येऊ लागल्या. रेघ तिथेच थांबली. पुढे पाऊस आला, टाकं काठोकाठ भरलं, थेंब गळला नाही. ते बघायला कोंडाई मात्र उरली नव्हती.

आजही कातळवाडीत नव्या भिंतीला पहिलं पाणी घरची म्हातारी घालते, आणि तोवर गवंडी पंप सुरू करत नाही. मग मुलगा तांब्या भरून आणतो आणि आईला आपल्या हातानं पाजतो. पाटलाचं तेवढं राहून गेलं होतं.