खार आणि आंब्याची छाटणी

फार फार वर्षांपूर्वी, सकाळी बरोबर सव्वानऊला, झाडं छाटणारा गावचा बाळकू परसातल्या आंब्यावर चढला. खार तुरुतुरु खोडावर धावली. वाळक्या फांदीवर तिची तीन पिल्लं होती.

"आंबेबाबा, पाडा त्याला!" खार झाडाला ओरडून म्हणाली.

"अगं, ती फांदी आतून कुजलीय. वाऱ्यानं मोडली तर पोरं कुठं जातील?"

खार कसली ऐकतेय! ती कडकडून बाळकूच्या अंगठ्याला चावली.

"आई गं! लेकुरवाळी दिसतेस," म्हणत त्यानं घरटं शोधलं, अलगद हिरव्या बेचक्यात ठेवलं आणि मगच फांदी कापली. कापल्या जागी शेण लिंपलं.

दुपारी वावटळ आली. पिल्लं मजेत झोपली होती.

"बाबा, उगाच चावले हो मी," खार म्हणाली.

"मग पलीकडच्या फणसाला सांग जा, बाळकू उद्या तिकडं येतोय, घाबरू नको म्हणावं. आणि तिथल्या मुंग्यांनाही सांग, उगाच चावू नका म्हणावं!"