हाकेचं रूप

"पण तुमच्या भाषेत 'मित्र'चं शुद्ध रूप कोणतं, फादर?"

इनासने पुन्हा विचारलं. त्याच्या मांडीवर स्टीलचा नवा डबा होता. झाकणावर अजून काही कोरलेलं नव्हतं.

फादर कोलम ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. ते मूळचे आयर्लंडचे, पण सारं आयुष्य वसईच्या या गावात गेलेलं. मराठी त्यांना विहिरीवरच्या बायकांनी शिकवली होती. कोलम हे तांदळाचंही नाव, म्हणून पोरं त्यांना मागून 'वाडा कोलम' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"कशाला हवंय तुला शुद्ध रूप?" त्यांनी विचारलं.

"भांडीवाल्याकडे जाऊन नाव घालून घ्यायचंय. चुकीचं घातलं तर पुसता येत नाही."

डबा त्याच्या लहानपणच्या मित्रासाठी, पास्कूसाठी होता. पास्कू उद्या निघणार होता, आयर्लंडला, तिथल्या एका इस्पितळात नर्स म्हणून. इनासला वाटलं होतं, डब्यावर तिकडच्या भाषेतला 'मित्र' हा शब्द असावा.

"देणार कधी?"

"त्याच्या बहिणीकडे ठेवीन. ती देईल."

फादरांनी पुढची शेंग उचलली. तो स्वतः का देणार नाही, ते त्यांना माहीत होतं. साऱ्या गावालाच माहीत होतं.

इनास डाबरे गावच्या शाळेत मराठी शिकवायचा. व्याकरणात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. पास्कूचे वडील वारले तेव्हा चर्चमध्ये पास्कू दोन शब्द बोलायला उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता. "माझ्या वडलाने मला कधी..." एवढंच तो वाचू शकला, आणि बाकावरून इनास म्हणाला, "वडिलांनी."

वर्गातली सवय. तोंडातून निघून गेलं. मागे कोणीतरी हसलं.

पास्कूने कागदाची घडी घातली आणि तो खाली बसला. वडिलांनी त्याला कधी काय केलं नाही, ते राहूनच गेलं.

त्यानंतर दोघं बोलले नव्हते.

"चूक तर होतीच ना, फादर," इनास आता हळूच म्हणाला. "वडिलांनी हेच बरोबर."

"हो. बरोबरच."

...

फादरांनी एक शेंग मोडली.

"आमचा शब्द आहे 'करा'," ते म्हणाले.

"काय करा?"

"तेच मी इथे आलो तेव्हा लोक विचारायचे. करा म्हणजे मित्र. एक मित्र असला तर करा. मित्राचं काही असलं, घर, छत्री, तर करद. पुष्कळ मित्र झाले की कार्द्ये."

इनासचा चेहरा उजळला. हे त्याच्या ओळखीचं रान होतं. तो म्हणाला की ही तर सरळ विभक्ती झाली, मराठीतही घोडा असतो आणि त्याचा घोड्याचा होतो. मग त्याने व्युत्पत्ती विचारली.

फादर म्हणाले, जुन्या आयरिशमध्ये एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ प्रेम करणं. त्यावरून हा शब्द आला.

"म्हणजे मित्र म्हणजे आपला लाडका."

"नाही. लाडका नाही. प्रेम करणारा."

"मग ज्याच्यावर करायचं, तो?"

"त्याच्याबद्दल हा शब्द काही बोलत नाही."

इनास डब्याकडे बघत राहिला... झाकणात त्याचंच तोंड दिसत होतं, जरा पसरट.

"मग हा शब्द पास्कूला लावायचा तर पास्कूने..." तो बोलता बोलता थांबला. पुढचं वाक्य त्याने मनातल्या मनात करून पाहिलं असावं. ते त्याला आवडलं नाही.

"आणखी एक रूप आहे," फादर म्हणाले. "हाक मारायचं."

"संबोधन."

"तुमच्यात संबोधन. हाक मारताना करा राहत नाही. 'अ खरा' होतं. क जातो, ख येतो."

"खरा?" इनास हसला. "कशाने बदलतं अक्षर?"

"समोर माणूस असतो ना. मऊ व्हावं लागतं."

मग त्यांनी सांगितलं की तिकडे सरकारी पत्राची सुरुवातही याच शब्दाने होते. पाणी तोडायची नोटीस आली तरी वर लिहिलेलं असतं, अ खरा. त्यांचे वडील अशी नोटीस हातात धरून म्हणायचे, बघा, मित्राचं पत्र आलंय.

इनास मनापासून हसला. मग डब्यावर टिचकी मारून म्हणाला, "ठरलं तर. हेच घालतो. अ खरा."

"डबा हाक मारणार का?"

इनासने डब्यावरचं बोट काढून घेतलं.

"ते रूप लिहिता येतं," फादर म्हणाले, "पण लिहून हाक होत नाही. नावांचंही तसंच. मी कोलम. हाक मारली की अ खोलिम."

"इथे तर कुणी म्हणत नाही तसं."

"इथे मी फादर." त्यांनी दाणे सुपात टाकले. "बहीण म्हणायची. ती गेल्यापासून ते रूप मी ऐकलेलं नाही."

"तुम्हीच म्हणायचं एकदा, मोठ्याने."

"बघितलं म्हणून." फादर हसले. "आपलं आपल्याला लागत नाही ते."

...

फाटकाशी स्कूटर थांबली.

पास्कू होता. निघण्याआधी फादरांचा आशीर्वाद घ्यायला आला होता. फाटक उघडून तो दोन पावलं आत आला, आणि ओट्याखाली त्याला चपला दिसल्या. इनासच्या चपला त्याला लहानपणापासून ओळखू यायच्या. डाव्या टाचेकडे झिजलेल्या.

तो तसाच मागे वळला.

इनासने फादरांकडे पाहिलं. फादरांनी एक शेंग उचलली, आणि ती न सोलता हातात धरून ठेवली.

पास्कूने स्कूटरला किक मारली. ती लागली नाही. पुन्हा मारली.

इनास उभा राहिला. डबा मांडीवरून घरंगळला आणि ओट्यावर खणखणला. त्याने हाक मारली.

"पास्क्या..."

विहिरीत एकत्र पोहायचे तेव्हाचं नाव. शाळेत नोकरीला लागल्यापासून ते इनासच्या तोंडात कधी आलं नव्हतं.

पास्कूचा पाय किकवर थांबला. त्याने मान वळवली नाही.

"शुद्धलेखनात बसतं का ते, मास्तर?"

"नाही बसत."

इनास ओट्याच्या कडेशी आला.

"तुझ्या वडलाने," इनास म्हणाला. त्याने शब्द तसाच, पूर्ण म्हटला. "तुझ्या वडलाने तुला कधी काय केलं नाही, ते... मला ऐकायचंय."

पास्कूने किकवरचा पाय खाली घेतला. मग त्याने स्कूटर स्टँडवर लावली.

तो आत आला, पण ओट्यावर चढला नाही. खालीच, चपलांजवळ बसला. डबा घरंगळत तिथवर गेला होता. त्याने तो उचलला, झाकण उलटसुलट करून पाहिलं.

"कोणाचा?"

"तुझाच," इनास म्हणाला. मग खाली उतरून त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसला. त्याने मान वर करून विचारलं, "फादर, मग यावर काय घालू?"

फादरांनी हातातली शेंग सोलली.

"वर काही नको. आत घाल. सुका जवळा प्रवासात बरा टिकतो."