सगुणीचा शिकवणारा

तळ्यावरच्या मासे धरायच्या शर्यतीत दोन वर्षं दहा वर्षांची सगुणीच जिंकत होती. भुजंगआबा पाटलांच्या ते पोटात दुखायचं. यंदा त्यांनी नियमच काढला : मुलांनी आपल्याहून तरबेज मोठं माणूस शेजारी बसवूनच गळ टाकायचा, आणि त्या माणसाने स्वतः शर्यतीत उतरायचं नाही. आपली शर्यत सोडून पोरीजवळ बसणार कोण?

सगुणी थेट चावडीवर आली. "आबा, माझ्याहून तरबेज गावात कोण?"

"मी!" आबा चारचौघांत गरजले.

"मग उद्या माझ्याशेजारी बसा. नाही बसलात, तर माझ्याहून तरबेज कुणी नाही म्हणायचं. मग मला नियम कशाला?"

दुसऱ्या दिवशी सगुणीच्या गळाला हातभर मरळ लागली. खाली जाळी धरायला आबाच होते, दातओठ खात.