टिल्लीचा दाणा आणि कोपऱ्याची वडी

एक होती खार. एवढीशी! मुठीत मावेल एवढी. तिचं नाव टिल्ली.

टिल्लीला सापडला एक शेंगदाणा. अख्खा! आईने दिलेला नाही. दादाने दिलेला नाही. तिचा तिने शोधलेला. पहिलावहिला!

टिल्लीने हळूच दात लावून बघितला. कुट्ट! दाण्यावर उमटली दाताची खूण.

"हा माझा! आता आईला नेऊन दाखवणार!"

तुरुतुरु, तुरुतुरु, टिल्ली निघाली. वाटेत लागली एक खिडकी. आतून आला गोड गोड वास. मग काय, टिल्ली डोकावलीच! पडद्याच्या फटीतून नाक आत.

ते होतं छोट्या कनूचं घर. आत कनूचा बाबा वडी करत होता. खिडकीखाली मोठी परात. परातीत खजूर आणि दाण्याचं कूट. बाबाने घेतली चिमूटभर वेलदोड्याची पूड, टाकली परातीत. भुर्रर्र! पूड उडाली आणि टिल्लीच्या नाकात गेली.

आ... आ... आक्छी!

दाणा सुटला. टप्! परातीत पडला. बाबाने बघितलंच नाही. मळ मळ मळलं, मोठा गोळा केला. दाणा गडप!

मग बाबा गेला हात धुवायला. पण खजूरच तो! सुटतोय कसला? बाबा तिकडे हात चोळतोय, चोळतोय.

टिल्लीला रडूच आलं. पण रडून दाणा मिळतो का? नाही ना! टिल्लीने शेपटाने डोळे पुसले आणि परातीत उतरली.

"गोळेदादा, गोळेदादा, माझा दाणा द्या!"

गोळा म्हणाला, "तो माझ्या पोटात खोल गेलाय. मी पसरलो तर वर येईल. पण इथे पसरू कुठे? थाळी मिळाली तर पसरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिल्ली थाळीकडे गेली.

"थाळीताई, थाळीताई!
माझा दाणा गोळ्यात गेला.
गोळा म्हणे, थाळी मिळाली तर पसरेन.
गोळ्याला घे ना गं!"

थाळी म्हणाली, "त्या चिकटोबाला? छे, छे! एकदा बसला की उठत नाही. आधी मला तूप लावा. तूप लावलं तर घेईन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिल्ली तुपाकडे गेली. तुपाची बरणी खिडकीजवळच होती.

"तूपकाका, तूपकाका!
माझा दाणा गोळ्यात गेला.
गोळा म्हणे, थाळी मिळाली तर पसरेन.
थाळी म्हणे, तूप लावलं तर घेईन.
थाळीला लागा ना!"

तूप म्हणालं, "हुऽऽ हुऽऽ! केवढी ही थंडी! मी थिजून दगड झालोय बाळा. ऊन लागलं तर वितळेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिल्ली बाहेर उन्हाकडे गेली.

"ऊनमामा, ऊनमामा!
माझा दाणा गोळ्यात गेला.
गोळा म्हणे, थाळी मिळाली तर पसरेन.
थाळी म्हणे, तूप लावलं तर घेईन.
तूप म्हणे, ऊन लागलं तर वितळेन.
आत या ना!"

ऊन म्हणालं, "अगं, सकाळपासून दारात उभा आहे! हा पडदा आत सोडेल तेव्हा ना! पडदा सरकला तर येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिल्ली पडद्यावर चढली.

"पडदेबुवा, पडदेबुवा!
माझा दाणा गोळ्यात गेला.
गोळा म्हणे, थाळी मिळाली तर पसरेन.
थाळी म्हणे, तूप लावलं तर घेईन.
तूप म्हणे, ऊन लागलं तर वितळेन.
ऊन म्हणे, पडदा सरकला तर येईन.
सरका ना!"

पडदा म्हणाला, "खी खी! गुदगुल्या होतात, उतर खाली! माझा मी कधी सरकलोय का? ती बघ कनू. तिने ओढलं तर सरकेन."

कनू कुठे होती? स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. गाल फुगवून बसली होती. हे एवढे!

तुरुतुरु, तुरुतुरु, टिल्ली कनूकडे गेली.

"कनूताई, कनूताई!
माझा दाणा गोळ्यात गेला.
गोळा म्हणे, थाळी मिळाली तर पसरेन.
थाळी म्हणे, तूप लावलं तर घेईन.
तूप म्हणे, ऊन लागलं तर वितळेन.
ऊन म्हणे, पडदा सरकला तर येईन.
पडदा म्हणे, कनूने ओढलं तर सरकेन.
ओढ ना गं!"

कनू म्हणाली, "मी नाही आत येणार! गॅस पेटला की कनूने उंबरा ओलांडायचा नाही. बाबाने सांगितलंय. ओटा उंच, मी छोटी. गॅस पेटलाय की नाही, मला दिसतच नाही! मला कधीच काही करायला मिळत नाही. गॅसने सांगितलं तर ओलांडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिल्ली ओट्यावर चढली. आणि बघते तर काय? गॅस घोरत होता! घुर्रर्र... घुर्रर्र...

"गॅसआजोबा, गॅसआजोबा!
माझा दाणा गोळ्यात गेला.
गोळा म्हणे, थाळी मिळाली तर पसरेन.
थाळी म्हणे, तूप लावलं तर घेईन.
तूप म्हणे, ऊन लागलं तर वितळेन.
ऊन म्हणे, पडदा सरकला तर येईन.
पडदा म्हणे, कनूने ओढलं तर सरकेन.
कनू म्हणे, गॅसने सांगितलं तर ओलांडेन.
सांगा ना!"

गॅस दचकून जागा झाला. "कोण? मी? पेटलोय? छे गं! आज मला सुट्टी आहे. ही वडी शिजवायची नाही, उकळायची नाही. फक्त मळायची आणि थापायची. जाळ नाही, चटका नाही!"

आणि गॅस मोठ्याने ओरडला, "कनूऽऽऽ! मी बंद आहे! ये गं आत!"

कनूचे गाल फुस्स झाले. ती उठली. आणि मग काय विचारता!

कनूने उंबरा ओलांडला. टुण्!
कनूने पडदा ओढला. सर्रर्र!
पडदा सरकला, ऊन आत आलं. लख्ख!
ऊन लागलं, तूप वितळलं. डुबुक!
तूप लागलं थाळीला. कनूने बोटांनी लावलं. गोल गोल गोल!
थाळीने गोळा घेतला. कनूने दोन्ही हातांनी उचलला. हय्या... धप्प!

आता गोळा पसरायचा. कनूने घेतली वाटी. वाटीच्या बुडाने लागली थापायला.

थप थप थप! थप थप थप!

इकडे थापलं, तिकडे थापलं. गोळा पसरला, पसरला, कडेपर्यंत पसरला. आणि पार कडेला वर आलं काहीतरी. गोल गोल. पांढरं पांढरं.

"माझा दाणा!" टिल्ली ओरडली. "ही बघ दाताची खूण! माझाच! माझाच!"

तेवढ्यात बाबा आला. हात एकदाचे धुऊन झाले होते. बघतो तर ऊन आत, तूप थाळीला, गोळा थापलेला!

"अरेच्चा! कनू, हे कुणी केलं?"

"मी केलं! बाबा, गॅस झोपलाय. म्हणून मी आले."

"शाब्बास गं माझे राणी!" बाबा म्हणाला. "मी सांगायचंच विसरलो बघ."

मग थोडं थांबायचं. वडी घट्ट व्हायला हवी ना! कनू थांबली. बाबा थांबला. टिल्लीसुद्धा थांबली. तिचं शेपूट मात्र थांबेना.

झाली वडी घट्ट! बाबाने सुरी घेतली. अशा आडव्या रेघा, अशा तिरप्या रेघा. वड्या झाल्या शंकरपाळ्यांसारख्या. आणि कडेला उरले छोटे छोटे कोपरे.

"कोपरा कुणाचा?" बाबाने विचारलं. या घरात कोपरा वडी करणाऱ्याला मिळतो. नेहमी बाबालाच मिळतो.

"आज माझा!" कनू म्हणाली. एक कोपरा तिने तोंडात टाकला. मग दुसरा उचलला. त्यावर होता अख्खा दाणा, दाताच्या खुणेचा.

"आणि हा टिल्लीचा! तिचा दाणा आहे. आणि तिनेच तर गॅसला उठवलं!"

टिल्लीने दोन्ही हातांनी कोपरा धरला. केवढा मोठा! तोंड दिसेना, नुसती मिशी दिसत होती.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिल्ली झाडावर गेली.

"आई, आई, बघ! मी एक दाणा शोधला. तो हरवला. मग मी सगळ्यांना उठवलं, आणि माझ्या दाण्याची वडी झाली!"

आईने वडीचा वास घेतला. मग टिल्लीला जवळ घेतलं. आणि दोघींनी मिळून वडी खाल्ली. कुट्ट, कुट्ट, कुट्ट!

इकडे कनू उंबऱ्यात उभी राहिली. उंबऱ्याच्या आत, बरं का! आणि आल्यागेल्याला सांगू लागली, "वडी घ्या. मी केली!"

थाळी झाली रिकामी, गोष्ट झाली पुरी. बोटं चाटायची राहिली, ती आता चाटा!